लघवीचा हिशेब ठेवणाऱ्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकू का" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. बोका पाळणाऱ्या पुष्कळ घरांत लघवी तुंबणं म्हणजे काय हे माहीतच नसतं. तुम्ही काय केलंत ते नीट सांगितलं, तर त्यातल्या एखाद्याला तरी वेळेत कळेल.

आम्ही गणपतीला कणकवलीला निघालो तेव्हा घराची किल्ली तुमच्याकडे दिली. तुमचं माहेर वसईचं, घरात गणपती नाही, त्यामुळे चतुर्थीला अख्खा मजला रिकामा झाला तरी तुम्ही इथेच. किल्ली घेतानाच तुम्ही स्पष्ट सांगितलं होतंत : "खायला घालीन, वाळू साफ करीन, लाड मात्र करणार नाही. मला मांजर आवडत नाही." बंड्याला तुम्ही आजवर कधी नावाने हाक मारलेली नाही. आधी तो 'तुमचा बोका' होता, आता 'पेशंट' आहे. ही बढतीच म्हणायची.

मांजरांवर जीव टाकणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, मीही त्यातलीच. पण आम्ही मांजराचे डोळे बघतो, शेपूट बघतो, जेवला की नाही ते बघतो. तुम्ही वाळू बघितलीत. सर्जिकल वॉर्डात आयुष्य गेलेल्या बाईला पोटात काय गेलं आणि बाहेर काय आलं याचा हिशेब ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. ती वाळू म्हणजे कच्छच्या बेंटोनाइटची माती, लघवी पडली की गोळा धरते, आणि रोज किती गोळे निघतात हे तुम्ही पहिल्या दिवसापासून कॅलेंडरच्या मागे लिहीत होतात. मला त्याचा पत्ताही नव्हता. मग एका संध्याकाळी गोळाच निघाला नाही. बंड्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर लावतोय, बाहेर येऊन खालचा भाग चाटतोय, पुन्हा आत जातोय, आणि वाळूत काय, तर रुपयाएवढा ओला डाग, तोही जरासा लालसर.

तुमचा फोन आला तेव्हा आमच्याकडे आरती चालली होती आणि तुमच्या खिडकीखाली ढोल. दोन्हीकडून ओरडून बोलणं झालं. आई म्हणाली, "शौचाला होत नसेल, जरा एरंडेल द्या." माझ्या हातातून तिने फोन घेतला होता, आणि तुम्ही तिला जे उत्तर दिलंत ते ती अजून सगळ्यांना सांगते : "अहो ताई, शौच चार दिवस थांबली तरी माणूस मरत नाही. लघवी थांबली तर मरतो."

बोक्याच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे. मांजरीची मूत्रनळी आखूड आणि रुंद असते, बोक्याची लांब आणि टोकाकडे फार अरुंद. त्यामुळे मूत्राशयाचा दाह दोघांनाही होतो, पण तुंबण्याची वेळ येते ती बहुतेक बोक्यांवरच. चिकट स्राव आणि बारीक स्फटिक यांचा बोळा अडकतो, एखादा खडा अडकतो, कधी नुसतं नळीचं आकुंचनही पुरतं. मागे लघवी साचत राहते, मूत्रपिंडांवर दाब येतो, आणि जे पोटॅशियम लघवीवाटे बाहेर पडायचं ते रक्तात वाढत जातं. वाढलेलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवतं. पूर्ण तुंबलं तर दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. 'सकाळपर्यंत वाट बघू' म्हणायची सोय नसते.

तुम्ही वाट बघितली नाहीत. परळचं बैलघोडा हॉस्पिटल तुम्हाला नोकरीभर बसच्या खिडकीतून दिसलेलं. (1886 साली मुंबईचं व्हेटरनरी कॉलेज सुरू झालं ते तिथेच. नावात बैल आणि घोडा उरलेत, बाकावर मात्र आता कुत्री-मांजरंच जास्त.) तुमच्या डोक्यात आधी तेच आलं होतं, पण गणपतीतल्या लालबागमध्ये टॅक्सी कुठून मिळणार? नाक्यापलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांचा दवाखाना उघडा असल्याचं तुम्ही फोन करून विचारून घेतलंत. आमचा मांजराचा पिंजरा माळ्यावर, तुमचा हात पोचेना. मग भाजीच्या जाळीच्या टोपलीत टॉवेल, त्यात बंड्या, वर दुसरी टोपली उलटी, आणि दोन्हींना ओढणीने गाठ. मंडळाच्या पोरांनी रस्त्यावर दोर धरलेला होता. तुम्ही "पेशंट आहे, वाट सोडा" असं वॉर्डातल्या आवाजात ओरडलात आणि त्यांनी दोर वर केला. टोपलीतून म्यांव ऐकू आल्यावर एकजण हसला, पण दोर वरच धरून राहिला. त्या मुलांचेही आभार इथेच मानते, नावं मला माहीत नाहीत.

दवाखान्यातलं मला तुमच्याकडून आणि नंतर डॉक्टरांकडून तुकड्यातुकड्यांत कळलं. पोट चाचपताच त्यांच्या बोटांना दगडासारखं टणक मूत्राशय लागलं. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा) चढलेलं, पोटॅशियम चढलेलं, ईसीजीही बिघडलेला. आधी हृदय सांभाळायला कॅल्शियम ग्लुकोनेट, सलाईन, मग गुंगी देऊन कॅथेटर, म्हणजे मूत्रनळीत घालायची बारीक नळी. बोळा मागे सारून लघवी निघाली ती लालभडक. संमतीच्या कागदावर नातं लिहायचं होतं तिथे तुम्ही 'शेजारी' लिहिलंत आणि अनामत रक्कम तुमच्या पेन्शनच्या खात्यातून भरलीत. त्याबद्दल शेवटी बोलू.

खरी तुमची कमाल मला पुढच्या रात्रीत दिसते. अडथळा निघाला की काम झालं असं कोणालाही वाटेल. पण तुंबलेली मूत्रपिंडं मोकळी झाल्यावर कधीकधी लघवीचा लोंढाच सुरू होतो. सलाईनमधून जेवढं आत जातं त्याहून जास्त बाहेर पडतं, आणि लक्ष नसेल तर तेच जनावर आता पाणी कमी पडून खचतं. दवाखान्यातला मदतनीस मुलगा चांगला, पण एकटा. तुम्ही तिथेच स्टुलावर बसलात, डॉक्टरांना विचारलंत की मांजरात लघवी किती यायला हवी. ते म्हणाले, किलोमागे तासाला एक ते दोन मिली. तुम्ही म्हणालात, "आमच्या मोठ्या माणसांत अर्धा ते एक धरतात. हा तर माणसापेक्षा वरचढ." बंड्या सहा किलोचा, म्हणजे तासाला साधारण सहा ते बारा मिली. पिशवीत त्याच्या कितीतरी पट जमतेय हे तुम्ही दोन तासांत दाखवून दिलंत, आणि डॉक्टरांनी सलाईनचा वेग वाढवला. तो कागद त्यांनी ठेवून घेतलाय. डाव्या रकान्यात आत, उजव्या रकान्यात बाहेर, खाली सही. सहीसुद्धा!

आम्ही जमेल त्या गाडीने परतलो तेव्हा कॅथेटर निघाला होता आणि बंड्या गळ्यात प्लास्टिकचा फनेल घालून सगळ्या जगावर रागावलेला होता.

मग तुमचं आणि डॉक्टरांचं जे भांडण झालं ते मी फार आवडीने ऐकलं. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायच्या तपासणीत, काही वाढलं नाही, म्हणून त्यांनी अँटिबायोटिक दिलं नाही. तुमचा विश्वासच बसेना. "कॅथेटर टाकून काढलेला पेशंट, आणि अँटिबायोटिकशिवाय डिस्चार्ज?" डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की तरुण मांजरांच्या मूत्राशयाच्या दुखण्यात जंतूंचा हात क्वचितच असतो. म्हाताऱ्या मांजरांची गोष्ट वेगळी. बहुतेकांना ठोस कारण सापडतच नाही, आणि त्यात मनावरचा ताण मोठा असतो. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. घरातलं वातावरण सुधारलं की दुखणं उलटण्याचं प्रमाण कमी होतं असं त्यांच्या गटाला दिसलं. हे ऐकून तुम्ही खिडकीकडे बघितलंत. बाहेर ढोल चालूच होते. "मग याला लालबागमध्ये ठेवायचाच कशाला?" असं तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं.

सूक्ष्मदर्शकात त्यांनी आपल्याला बंड्याच्या लघवीतले स्फटिक दाखवले. स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट. पुस्तकात या आकाराला शवपेटीचं झाकण म्हणतात असं ते बोलून गेले, आणि तुम्ही पटकन क्रॉस केलात. नुसते स्फटिक दिसले म्हणजे आजार असं नाही, निरोगी मांजरातही ते असू शकतात, हे त्यांनी लगेच सांगितलं. स्ट्रुव्हाइटचा खडा ठरावीक पथ्याच्या अन्नाने विरघळतो, कॅल्शियम ऑक्झलेटचा विरघळत नाही, तो काढावाच लागतो. आमचा पहिल्या जातीचा निघाला, नशीब.

घरी आल्यावर चाळीतल्या सल्ल्यांचा पूर आला. कुळथाचं कढण द्या, गोखरू द्या, जवाचं पाणी पाजा. कोणीतरी दुखतंय म्हणून क्रोसिनची अर्धी गोळी सुचवली. तेव्हा तुम्ही दारातच उभ्या राहिलात. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच, एवढ्याशा तुकड्यानेही मांजर जातं, हे तुम्ही डॉक्टरांकडून आदल्याच दिवशी ऐकून लक्षात ठेवलं होतंत. कढणवाल्यांना तुम्ही गोड बोलून परत पाठवलंत, क्रोसिनवाल्याला गोड बोलला नाहीत.

पुढचे आठवडे तुम्ही आमच्या स्वयंपाकघराचा ताबाच घेतलात म्हटलं तरी चालेल. कोरड्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, पाउचमधल्या ओल्या अन्नात पाऊणशे टक्क्यांच्या वर. मांजराचे पूर्वज रानमांजर, कोरड्या मुलखातले. तहान कमी आणि लघवी घट्ट, ही त्यांची जातच. म्हणजे पाणी प्यायला लावण्यापेक्षा खाण्यातूनच घालणं सोपं. हे एकदा पटल्यावर तुम्ही पथ्याच्या पाउचमध्ये आणखी कोमट पाणी मिसळायला आईला शिकवलंत. आईचं सुकट आणि सोडे भरवणं बंद झालं, त्यावर ती तुमच्यावर थोडे दिवस रुसली होती, हे तुम्हाला कळलंच असेल. पाण्याची भांडी तीन झाली, रुंद तोंडाची, ट्रेपासून आणि जेवणापासून लांब. एका मांजराला दोन ट्रे, वासाची वाळू नाही. कपाटावर त्याला चढून बसायला जागा केली, विसर्जनाच्या दिवशी तो दिवसभर तिथेच खोक्यात होता, आणि आतल्या खोलीत तुम्ही पंखा मोठा करून आकाशवाणी लावून ठेवली होती.

आणि गोळे. परत तुंबण्याचा धोका सुरुवातीच्या दिवसांतच सगळ्यात जास्त असतो, म्हणून रोज दोनदा मोजणी. पुढे मोजणी तुम्हाला अपुरी वाटू लागली, तेव्हा तुम्ही वाळूचे गोळे वजन करायला वेगळा काटा आणायला लावलात. मी नाक मुरडलं. पण एका आठवड्यात गोळ्यांचं वजन उतरत गेलेलं वहीत आधी दिसलं, बंड्याचा त्रास नंतर. आपण त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो, मूत्राशय नुकतं ताठायला लागलं होतं, नळीचा आखडेपणा कमी करणाऱ्या आणि वेदनाशामक औषधांवर भागलं, कॅथेटर लागला नाही. पुन्हापुन्हा तुंबत राहिलं तर नळीचं तोंड रुंद करायची शस्त्रक्रिया असते, डॉक्टरांनी तेही समजावून ठेवलंय. अजून तिची वेळ आलेली नाही.

मांजर आवडत नसताना तुम्ही हे सगळं केलंत. मला वाटतं, आवडत नाही म्हणूनच नीट केलंत. आम्ही त्याच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याच्या खुणा शोधत बसलो असतो. तुम्ही आकडा विचारलात.

ज्यांच्या घरी बोका आहे त्यांच्यासाठी एवढंच : ट्रेमध्ये बसतोय आणि काही येत नाही, ओरडतोय, उलटी करतोय, कपाटाखाली जाऊन बसतोय, असं दिसलं तर एरंडेल नको, कढण नको, तडक डॉक्टर. रात्र असली तरी.

आता पैशांचं. अनामत तुम्ही भरलीत, इंजेक्शनं तुम्ही आणलीत, आणि मी विचारलं की "बघू नंतर" म्हणता. पावत्या मी दवाखान्यातून काढून घेतल्या आहेत, बेरीज माझ्याकडे आहे. माझा धंदाच हिशेबाचा, तेव्हा आकड्यात मला हरवू बघू नका. जीपे नको असेल तर रविवारी मिस्साहून आल्यावर रोख आणून देते, आणि या वेळी चहा मी टाकते.

तुमची,
समोरच्या दारातली