सातव्या दशांशावर लागणारी रांग

मा. संपादक महोदय,
स. न.

सीईटीचा, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला, की राजारामपुरीतल्या क्लासच्या गल्ल्यांपासून बिंदू चौकापर्यंत फ्लेक्स झळकतात. फोटोखाली ९९.८७६५४३२ असा काहीतरी पर्सेंटाइलचा आकडा. दशांशचिन्हापुढचे सात आकडे पाहून पालकांना वाटते, पोराची हुशारी सोनाराच्या काट्यावर तोलली आहे. हा आकडा तयार कसा होतो हे कळले तर एवढा भरवसा कोणी ठेवणार नाही. आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची रांग मात्र आज त्यावरच लागते. बारावीला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) खुल्या गटात ४५ टक्के, राखीव गटात ४० टक्के पडले की पात्रता झाली. बारावीचे काम तिथे संपले.

पेपर २०० गुणांचा. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन गुणांचे. निगेटिव्ह मार्किंग नाही. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून पर्सेंटाइल त्या-त्या सत्रापुरते काढतात: तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे किती, भागिले सत्राला बसलेले एकूण, गुणिले १००. मग सगळ्या सत्रांच्या याद्या एकात एक मिसळतात.

गोची इथेच आहे. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या एका सत्रात गणिताचे २१ प्रश्न चुकीचे निघाले आणि ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. त्या सत्रात साधारण २७,८०० मुले होती. अशा सत्रात एका मुलाचे वजन ०.००३६ पर्सेंटाइल. म्हणजे चौथ्या दशांशानंतर जे छापले जाते, त्यात अख्खा एक विद्यार्थीसुद्धा मावत नाही, तो निव्वळ भागाकाराचा शेपूट. आता समजा, दुसऱ्या एका सत्रात २०,००० मुले होती. मोठ्या सत्रातल्या दुसऱ्या क्रमांकाला ९९.९९६४ मिळतील आणि लहान सत्रातल्या दुसऱ्या क्रमांकाला ९९.९९५०. दोघेही आपापल्या सत्रात दुसरे, पण राज्याच्या यादीत एक पुढे आणि एक मागे. कारण काय, तर वर्गात बाके किती होती!

वरच्या टोकाला हा फरक थोड्या मुलांना छळतो. खरी गर्दी मधे आहे. शून्य ते २०० म्हणजे गुणांच्या फक्त २०१ पायऱ्या, आणि त्यावर २७,८०० मुले. सरासरी धरली तरी एका पायरीवर १३८ जण. गणिताचा एक प्रश्न बरोबर आला की दोन पायऱ्या, म्हणजे एक पर्सेंटाइल. राज्यात पीसीएमला बसणारी मुले चार लाखांच्या आसपास, तेव्हा एक पर्सेंटाइल म्हणजे ४,००० जणांची उडी. मधल्या दाटीत ती याहून मोठी.

त्यात नशीब मिसळा. वेळ संपत आली की गणिताचे दहा प्रश्न डोळे झाकून ठोकायचे, हे सगळीकडे शिकवले जाते आणि निगेटिव्ह नसताना ते चूकही नाही. चार पर्याय असल्यावर दहात सरासरी अडीच बरोबर येतात. पण साधारण दर चौघांत एकाचा फार तर एकच लागतो, आणि जवळपास तितक्याच मुलांचे चार किंवा जास्त लागतात. दोन गुण आणि आठ गुण. या सहा गुणांत अभ्यासाचा कणभर वाटा नाही, तरी रांगेतला फरक सुमारे १२,००० जणांचा.

याचा अर्थ परीक्षा बंद करा असा नाही. ९९ आणि ७० मधला फरक खरा आहे, आणि तो बारावीच्या गुणांवरून दिसत नाही. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाने करोनाकाळात सॅट या प्रवेशपरीक्षेची सक्ती उठवली होती, २०२२ मध्ये ती परत आणली, तीही याच कारणासाठी: गणिताची तयारी किती आहे हे सॅटच्या गुणांशिवाय नीट कळत नव्हते. पण तिथे तो आकडा अर्जातल्या इतर गोष्टींबरोबर बघतात, त्यावरून रांग लावत नाहीत.

बारावीचे गुण सरळ सीईटीच्या गुणांत मिसळायचे हाही उपाय नव्हे. २०१४ आणि २०१५ मध्ये आपल्याकडे निम्मे बारावीचे, निम्मे जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेचे असा हिशेब होता. २०१६ मध्ये पुन्हा सीईटी आली. एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांसाठीही काही वर्षे ४० टक्के वाटा बारावीचा होता आणि सगळ्या मंडळांचे निकाल हाती येईपर्यंत क्रमवारी अडकून राहायची. शिवाय प्रॅक्टिकलचे गुण. इंटिग्रेटेडच्या (कॉलेज आणि क्लास एकत्र) नावाखाली प्रयोगशाळेची पायरी न चढणाऱ्यांनाही ३० पैकी २७-२८ मिळतात, हे कोणत्याही ज्युनिअर कॉलेजात विचारून बघावे.

माझी सूचना छोटी आहे. ९९ च्या खाली पर्सेंटाइल एका दशांशापर्यंत आणि वर दोन दशांशांपर्यंतच धरावे. त्यात जे बरोबरीत येतील त्यांची क्रमवारी बारावीच्या फक्त लेखी गुणांवर लावावी: फिजिक्स ७०, केमिस्ट्री ७०, गणित ८०, एकूण २२०. राज्य मंडळ आणि सीबीएसई, दोन्हीकडे ही विभागणी सारखीच आहे. गुण मात्र थेट न घेता त्या-त्या मंडळातले पर्सेंटाइल घ्यावे. आज बरोबरी सोडवताना पहिल्यांदा सीईटीतलेच गणित बघतात, म्हणजे त्याच तराजूत पुन्हा तोलणे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर पालकांनी आकड्याभोवती घुटमळण्यापेक्षा कटऑफची यादी वाचायला शिकावे. गटाच्या नावाच्या शेवटी एच असेल तर ती गृह विद्यापीठाची जागा, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाची, एस म्हणजे राज्य पातळीची. सुरुवातीला एल असेल तर मुलींची. पुष्कळ जण पहिला दिसेल तो आकडा उचलतात आणि फसतात. गृह विद्यापीठ ठरते ते बारावी जिथून केली त्यावरून. आपल्याकडचा मुलगा बारावीला लातूरला गेला, तर कोल्हापूर-सांगली-साताऱ्यातल्या एच जागांवरचा त्याचा हक्क जातो. क्लासची फी भरताना हे कोणी सांगत नाही. फीमाफीच्या टीएफडब्ल्यूएस जागांचा कोडही वेगळा असतो. उत्पन्न आठ लाखांच्या आत असून तो कोड पर्यायांच्या अर्जात भरलाच नाही, तर जागा मिळत नाही. तिचा कटऑफ नेहमीच्या जागेपेक्षा चढा असतो, म्हणून तो पर्याय वर आणि साधा त्याखाली.

पर्यायांचा क्रम आवडीचाच हवा. २०२५ च्या नियमांत प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होत होता, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला. ‘हे तर मिळेलच’ म्हणून घराजवळचे कॉलेज पहिले टाकणाऱ्यांची वाट तिथेच बंद झाली.

सीईटी कक्षाने निदान एक करावे: गुणपत्रकावर पर्सेंटाइलशेजारी मूळ गुण आणि त्या सत्राला बसलेल्यांची संख्या छापावी.

आपला,
गणिताचा एक शिक्षक,
कोल्हापूर