गुंतवणूकदाराचीही चौकशी व्हावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवउद्योगांना मिळालेल्या निधीच्या बातम्या आपल्या अर्थविषयक पानावर नियमित येतात. त्यांत रक्कम असते, कंपनीचे मूल्यांकन असते. पण पैसा कोणत्या अटींवर आला हे क्वचितच कळते. कंपनी सेक्रेटरी या नात्याने अशा व्यवहारांची कागदपत्रे मी पाहते, आणि मुलुंड, ठाणे, डोंबिवली भागांतील पहिल्या पिढीचे अनेक उद्योजक गुंतवणूकदार निवडताना रकमेपलीकडे पाहत नाहीत, याची मला मनापासून काळजी वाटते.

व्हेंचर कॅपिटल निधीतील, म्हणजे नवउद्योगांत हिस्सा घेऊन पैसे घालणाऱ्या निधीतील, पैसा प्रामुख्याने व्यवस्थापकांचा स्वतःचा नसतो. सेबी या भांडवली बाजार नियामकाच्या २०१२ च्या नियमांनुसार नोंदणी झालेला निधी संस्थांकडून आणि धनिक कुटुंबांकडून रक्कम गोळा करतो आणि ठरलेल्या मुदतीत, सहसा आठ-दहा वर्षांत, कंपन्यांतील हिस्से विकून ती परत करतो. पैसे घातलेल्या कंपन्यांपैकी बऱ्याच बुडतील आणि मोजक्याच कंपन्या सगळ्यांची भरपाई करतील, हे त्याचे गणित असते. त्यामुळे दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढणारा, नफ्यातला, रबाळ्याचा एखादा यंत्रभागांचा कारखाना कितीही उत्तम असला तरी त्या गणितात बसत नाही. त्याला बँकेचे कर्ज किंवा धंदा जाणणारा एखादा ज्येष्ठ उद्योजक भागीदार म्हणून अधिक योग्य. निधीच घ्यायचा असेल, तर त्याचे कितवे वर्ष चालू आहे हे आधी विचारावे. सातव्या वर्षात असलेला निधी दोन-तीन वर्षांतच कंपनी विकण्याचा आग्रह धरण्याची शक्यता मोठी असते.

दुसरा मुद्दा ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’चा, म्हणजे कंपनी विकली गेल्यास गुंतवणूकदाराने आपले पैसे आधी घेण्याच्या अटीचा. समजा, २० टक्के हिश्श्यासाठी ५ कोटी रुपये आले आणि पुढे कंपनी ८ कोटींना विकली गेली. आपल्या वाट्याला ६ कोटी ४० लाख येतील, असे उरलेले भागधारक धरून चालतात. प्रत्यक्षात करारानुसार गुंतवणूकदार आपले ५ कोटी आधी घेतो, आणि अट ‘पार्टिसिपेटिंग’ स्वरूपाची असेल तर उरलेल्या ३ कोटींतूनही २० टक्के, म्हणजे ६० लाख घेतो. बाकीच्यांच्या हाती २ कोटी ४० लाखच उरतात. ही अट बेकायदा नाही, आणि मला ती सरसकट अन्यायाचीही वाटत नाही. परंतु टर्म शीटवर, म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींच्या मसुद्यावर, सही करण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडून दाखवणारे कोणी घरात वा ओळखीत नसते, ही खरी अडचण आहे.

गुंतवणूकदारांशी भेट घालून देतो असे सांगून आगाऊ ‘प्रोसेसिंग फी’ मागणारे मध्यस्थही शहरात फिरत आहेत. नोंदणीकृत निधींची यादी सेबीच्या संकेतस्थळावर खुली आहे. नाव व नोंदणी क्रमांक पडताळल्याशिवाय कोणालाही एक रुपया देऊ नये. त्या निधीने पूर्वी पैसे घातलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांना, विशेषतः ज्यांचा धंदा चालला नाही त्यांना, अवश्य भेटावे, कारण वाईट दिवसांत गुंतवणूकदार कसा वागला हे तेच सांगू शकतात. ज्यांचे उत्पादन अद्याप चाचणीच्या टप्प्यावर आहे, त्यांनी आपला हिस्सा घाईने विकण्याआधी पवईच्या आयआयटीतील ‘साइन’सारख्या इन्क्युबेटरकडे (नवउद्योगांना सुरुवातीच्या काळात आधार देणाऱ्या केंद्राकडे) आणि सरकारी अनुदान योजनांकडे पाहावे.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. भागवाटपाचे, म्हणजे नवे शेअर कोणाला किती दिले याचे, विवरणपत्र कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून कोणालाही पाहता येते, आणि गुंतवणूकदाराचे महत्त्वाचे हक्क बहुधा तेथेच दाखल होणाऱ्या ‘आर्टिकल्स ऑफ असोसिएशन’मध्ये (कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत) लिहिलेले असतात. निधीची बातमी देताना आपल्या प्रतिनिधींनी ही कागदपत्रे काढून शेअर कोणत्या प्रकारचे दिले व विक्रीच्या वेळी पहिला हक्क कोणाचा, एवढ्या दोन ओळी जरूर छापाव्यात.

आपली विश्वासू,
एक कंपनी सेक्रेटरी, विलेपार्ले (पूर्व), मुंबई