शेजारच्या आंटींना, पेन्सिलीबद्दल

मडगाव, ७ जानेवारी २०२६

प्रिय आंटी,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, ठाऊक आहे मला. तुम्ही कोंकणी वाचता ती रोमी लिपीत आणि माझा हात वळतो तो देवनागरीत. म्हणून रविवारी तुम्ही चर्चमधल्या मिस्सेहून आलात की आमची थोरली तुमच्या बाल्कांवात (व्हरांड्यात) बसून हे मोठ्याने वाचणार आहे. अडेल तिथे कोंकणीत सांगेल. आणि चारचौघांसमोर लिहितेय ते एवढ्यासाठी की, तोंडावर काही बोलायला गेले तर तुम्ही "पिशी गो तूं!" म्हणून विषय बदलता. आमच्याकडेही घरच्या माणसाचे आभार मानले की त्याला परकं केल्यासारखं वाटतं. त्यामुळे अकरा वर्षं शेजार झाला, पण एकदाही मानलेले नाहीत.

२३ डिसेंबर २०२४ची ती संध्याकाळ तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरले. गडहिंग्लजहून दीर-जाऊ, नणंद आणि त्यांची पोरं मिळून अकरा माणसं आंबोलीच्या घाटाने उतरून आली होती. नाताळात गोव्यात म्हणजे सगळ्यांनाच सुट्टी. आमच्या घरातला कर्ता माणूस मात्र हॉटेलच्या किचनमध्ये, त्याची रजा बंद. २० तारखेपासून तो घरी फक्त अंघोळीला यायचा. मी हौसेने ४०० नेवऱ्यांची (म्हणजे करंज्यांची) ऑर्डर घेऊन बसले होते, त्यातल्या दीडशे झाल्या होत्या. गॅस संपला. दुसरा सिलिंडर हलवून बघितला तर तोही रिकामा, कारण मला वाटलं त्याने नोंदवला आणि त्याला वाटलं मी. धाकटा लाल टोपीसाठी जमिनीवर लोळण घेत होता. सासूबाई दारात उभ्या राहून विचारत होत्या, येत्या गुरुवारच्या उद्यापनाला सात सवाष्णींना सांगून झालं का?

आणि तुम्ही दार ढकलून आत. हातात कुसवाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट, वर क्रोशाचा पांढरा रुमाल. "कितें जालें गो बाय?"

जावेसमोर रडायचं नाही असं मी वर्षानुवर्षं पाळलं होतं. त्या दिवशी ते मोडलं.

तुम्ही ताट टेबलावर ठेवलंत, सारणाचा वास घेतलात, आणि एक शब्द न बोलता अर्धं सारण केराच्या डब्यात टाकलंत. ओल्या नारळाचं सारण मी २१ला करून ठेवलं होतं, ते चळलं होतं. मग पराती उचलल्यात आणि निघालात. तुमच्या घरी उद्याच्या मध्यरात्रीच्या मिस्सेची तयारी बाकी, मुंबईचा मुलगा यायचा, आणि तुम्ही रात्री अकरापर्यंत माझ्या नेवऱ्या तुमच्या गॅसवर तळत होता. नारळ खवायला तुम्ही माझ्या दिराला बसवलंत. त्या माणसाने स्वतःच्या घरी पाण्याचा तांब्याही कधी भरलेला नाही. जाऊ ते दृश्य बघून इतकी खूश झाली की माझं रडणं विसरून गेली.

पण मला आभार मानायचेत ते त्या रात्रीचे नाहीत. अडचणीत धावून येणारी माणसं देवाच्या दयेने भेटतात. तुम्ही त्यानंतर जे केलंत ते कोणी करत नाही.

गेल्या वर्षी, तीन राजांचं फेस्त (६ जानेवारीचा सण) झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही येऊन कालनिर्णय मागितलंत. भिंतीवरून उतरवून थेट डिसेंबर २०२५चं पान काढलंत. मी हसले. जानेवारीत डिसेंबर? तुम्ही म्हणालात, पुरुमेंत पावसात भरतात की उन्हात? (कोल्हापूरकडच्या वाचकांसाठी: पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुकी मासळी, मिरची, मीठ, सोलं, सगळं मे महिन्यात घरात. मडगावात त्याच्या नावाचं फेस्तसुद्धा भरतं.) मग पेन्सिल मागितलीत. पेन पुढे केलं तर ढकललंत. पेनाने लिहिलेलं खोडता येत नाही, आणि डिसेंबरात खोडावं लागतंच.

आणि पहिला प्रश्न काय विचारलात तर, "तुमचे गुरुवार कोणते?"

आंटी, त्या एका प्रश्नासाठी सासूबाईंनी तुम्हाला जन्मभरासाठी माफ करून टाकलंय. कशाबद्दल, ते त्यांनाच माहीत. मार्गशीर्षातले गुरुवार आले २७ नोव्हेंबर, ४, ११ आणि १८ डिसेंबर. त्या चौकटींत तुम्ही बारीक फुल्या मारल्यात: या दिवशी घरात अंडं फुटणार नाही, म्हणजे बोलिन्या (नारळाची बिस्किटं) नाहीत, बातिका (नारळाचा केक) नाही. मग तुमचे आदवेंतचे, नाताळाआधीचे, चार रविवार लिहिलेत, ३० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत. अकरा वर्षं मी हे दोन्ही महिने एकाच घरात एकमेकांशी भांडताना बघत होते. एका पानावर आले तर दोघांनाही जागा पुरली.

मग तुम्ही २४ तारखेपासून उलट मोजत आलात. मला वाटलं होतं तुम्ही कामांची यादी कराल. तुम्ही विचारत होता, काय किती दिवस टिकतं. पेराद (पेरूच्या वड्या) महिनाभर राहतं आणि पेरूही तेव्हाच बाजारात भरपूर, म्हणून ते पहिल्या आठवड्यात. दोस म्हणजे हरभऱ्याची डाळ, नारळ आणि साखर. अंडं नाही, म्हणून ते बिनधास्त ११च्या गुरुवारी. कुलकुल कोरडे, डब्यात राहतात. ते १९ला, कारण गोवा मुक्तिदिनाची सुट्टी, सगळे घरी, आणि कणकेच्या गोळ्या कंगव्यावर वळायला जितके हात तितके थोडे. बातिकेचं रवा-नारळाचं पीठ २२च्या रात्री भिजवून २३ला सकाळी भाजायचं. नेवऱ्या अगदी शेवटी. माझं २०२४चं सगळं गणित नेमकं उलटं होतं. जे आधी विटतं ते मी आधी केलं होतं, कारण मला ते आवडतं.

मग हेच तुम्ही घराला लावलंत. पडदे धुतलेले टिकतात, नोव्हेंबरात धुवा. मुलांचे कपडे टिकतात. सिलिंडर टिकतो (हे म्हणताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, त्याबद्दलही आभार). मासळी, फुलं, पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) उंडे टिकत नाहीत, त्यांची चिंता आदल्या दिवशीच. मुलांना दिलेला शब्द कुठल्या रकान्यात घालायचा, असं मी गमतीने विचारलं. तुम्ही गंभीरपणे म्हणालात, नेवऱ्यांच्या.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तुमच्या यादीत बिबिंका नव्हती. मी विचारलं तर म्हणालात, दहा वर्षं झाली, विकत आणते. एकेक थर ओतायचा, वरून विस्तव ठेवून भाजायचा, त्यावर तूप, मग पुढचा थर. सात थरांना अर्धा दिवस जातो आणि माझी कंबर जाते. एवढं सहज सांगितलंत! मी आणि माझी आई, आम्ही सणाला एक पदार्थ कमी केला तरी पाहुण्यांपासून लपवतो. मी त्याच दिवशी माझी ऑर्डर २०० नेवऱ्यांवर आणली आणि १० डिसेंबरनंतर फोन आला तर नाही म्हणायचं, असं पानावर लिहिलं. दोन वेळा नाही म्हणाले. तिसऱ्या वेळी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा फोन होता, तिथे घसरले. ते पेन्सिलीने आहे, खोडून ठेवलंय.

पाहुण्यांचं मात्र तुमच्याशी माझं पटलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, येण्याआधीच त्यांना कामं सांग. आमच्याकडे हे शोभत नाही. तरी मी फोन केला. जावेला भाकऱ्या, नणंदेला रोज संध्याकाळी पोरांना घेऊन बाहेर पडायचं, दिराला दोदोल, म्हणजे माडाच्या गुळाचा हलवा. खरं तर दोदोल टिकतो, तो आधी व्हायला हवा. पण तुम्ही तुमचाच नियम मोडून तो २१ला ठेवलात, कारण तीन तास कढई ढवळायला दंड लागतात आणि ते दंड २०ला घाट उतरणार होते. दिराने कौतुकाने कोल्हापुरी गुळाची ढेप आणली होती. तुम्ही ती हातात घेतलीत, वास घेतलात, चहाला चांगला आहे म्हणालात आणि माडाचा काळा गूळ पुढे केलात. गडहिंग्लजच्या माणसाचा असा अपमान आजवर कोणी केला नसेल. त्याने तीन तास मुकाट्याने ढवळलं. आता तिकडे सगळ्यांना सांगतो की दोदोल त्याने केला.

आणि यांचं काय करायचं, हे कोडं तर मी सोडूनच दिलं होतं. २४ ते १ हॉटेलातून सुटका नाही. पोरं दर वर्षी विचारायची, बाबा नाताळात का नसतात? तुम्ही पान उलटून ६ जानेवारीवर बोट ठेवलंत. आमचा नाताळ तीन राजे येईपर्यंत संपत नाही, मग तुमचा का संपावा? यंदा कालच्या मंगळवारी त्यांनी रजा घेतली, आम्ही चौघं आणि सासूबाई चांदरला राजांच्या फेस्ताला गेलो, राजांचा पोशाख केलेली तीन मुलं बघितली, खाज्याचा पुडा घेतला आणि घरी येऊन जेवलो. धाकट्याने जाहीर केलं की आपला नाताळ सगळ्यांपेक्षा मोठा.

आता जे लिहायचं ते लिहिताना हात अडतोय.

ऑक्टोबरात तुमच्या थोरल्या बहिणी गेल्या. तुमच्या दारात यंदा नखेत्र (ताऱ्याचा कंदील) लागलं नाही, घरात कुसवार झालं नाही. मी ते कॅलेंडर गुंडाळून ठेवणार होते. शेजारी दुखवटा असताना आम्ही तळणी काढायची, हे मनाला पटेना. ३० नोव्हेंबरला संध्याकाळी तुम्ही स्वतः आलात, चष्मा लावलात आणि विचारलंत, पेरू आणले का? माझ्या घरात होणार नाही, तुझ्या घरात व्हायला कोणाची हरकत आहे? सगळा महिना तुम्ही आमच्या ओट्याजवळ खुर्ची टाकून बसलात. चव घेतली नाहीत. रंग बघून, वास घेऊन, कढईतला आवाज ऐकून सांगत होता. सासूबाई कुलकुलांना शंकरपाळ्यांसारखं कापू लागल्या तेव्हा एकदाच हसलात.

मुलांनी १२ तारखेला तुमच्या येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी ताटलीत नाचणी पेरली. सासूबाई म्हणाल्या, हे तर आपले घट. त्यांनीच सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं, मुलं दुसऱ्या दिवशी विसरली होती. तुम्ही गोठा मांडलात, लहानसा, आणि त्यात ती हिरवळ ठेवलीत.

दुखवट्याच्या घरी शेजाऱ्यांनी कुसवार पाठवायचं असतं, हे मला पानावर कुठे लिहिलेलं सापडलं नाही. ते तुम्ही मुद्दामच लिहिलं नसणार. तुमच्या समोरच्या काकींनी सांगितलं. २४ला दुपारी चार वाजता, काम संपून, गॅस बंद करून, केस विंचरून, मी ताट भरलं. पेराद, दोस, कुलकुल, दिराचा दोदोल, बातिकेचे तुकडे, बारा नेवऱ्या. वरून तुमचाच क्रोशाचा रुमाल, जो गेल्या वर्षीपासून माझ्याकडे राहिला होता. तुम्ही दार उघडलंत, ताटाकडे बघितलंत आणि एक नेवरी उचलून तिथेच उभ्या उभ्या खाल्लीत. सारण चांगलं होतं. तुम्ही बोलला नाहीत, पण दुसरी घेतलीत.

काल ताट परत आलं. रिकामं द्यायचं नसतं, हे तुमच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही. त्यात तुमच्या परसातली नऊ लिंबं होती.

त्यांचं लोणचं मी १५ तारखेला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी घालतेय. पेन्सिलीने लिहिलंय. डिसेंबर २०२६चं पान मात्र कोरं ठेवलंय, त्यासाठी रविवारी तुम्ही वर या. पेन्सिलीला टोक केलेलं आहे.

देव बरें करूं, आंटी.

तुमची,
वरच्या मजल्यावरची बाय