ग्लो काय एका बटणात येत नाही हो साहेब

मा. संपादक साहेब, नमस्कार.

२३ ऑगस्टच्या राष्ट्रीय अंतराळ दिवसाला तुम्ही पुरवणीत पोरांनी कॉम्प्युटरवर केलेली स्पेसशिपची चित्रं छापली ते एकदम भारी केलं, आणि मग त्यावर एका काकांचं पत्र आलं की ही कसली चित्रकला, सगळं मशीनच करतं, बटण दाबलं की इंजिनातून निळा उजेड बाहेर, त्यापेक्षा हाताने काढलेली चित्रं छापा. हाताने काढलेली छापाच की, त्याला कोण नाही म्हणतंय. पण बटणाची गोष्ट अर्धीच खरी आहे. माझं सिडकोत डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे, दिवसभर समोर कोरल आणि फोटोशॉप, आणि रात्री शटर ओढलं की ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये अंतराळयानं बनवायचा नाद, म्हणून म्हटलं लिहावं.

तर बटण आहे, खोटं कशाला बोलू. फोटोशॉपमध्ये आउटर ग्लो म्हणून एक प्रकार असतो, नाव माहीत नसलं तरी अख्ख्या नाशिकने तो बघितलाय, चौकाचौकात वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊंच्या डोक्याभोवती जी पांढरी-पिवळी कडा असते ना, तोच तो. मी पण लावतो, गिऱ्हाईक मागतं. पण तेच यानाला लावलं की यान कापून चिकटवल्यासारखं दिसतं, कारण तो ग्लो कडेभोवती सगळीकडे सारखाच रंग फासतो, उजेड इंजिनातून येतोय की खिडकीतून याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. आणि आपल्याकडे काही क्लासवाले चांगली तगडी फी घेऊन एवढंच शिकवतात, त्यामुळे काकांचा राग मला कळतो.

खरा उजेड बघायचा असेल तर थंडीत पहाटे निफाडकडे धुक्यातनं गाडी काढा आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा हेडलाइट बघा. मधोमध पांढराफट्ट गोळा, त्यात दिव्याचा आकार पण दिसत नाही, त्याच्याभोवती दाट पिवळं, आणि मग लांबपर्यंत विरत गेलेला मळका उजेड, तो कुठे संपतो ते सांगताच येत नाही. आता अंतराळात धुकं नाही, हवाच नाही, तरी फोटोत दिव्याभोवती तेज दिसतं कारण उजेड कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये आणि आपल्या डोळ्यातसुद्धा थोडा विखुरतो. रेंडरचा, म्हणजे सॉफ्टवेअर थ्रीडी यानावरून जे चित्र बनवतं त्याचा, कॅमेरा म्हणजे नुसतं गणित, त्यात काचच नाही तर विखुरणार कुठून, म्हणून इंजिन कितीही प्रखर ठेवा रेंडरमध्ये ते नुसतं पांढरं भोक दिसतं. ब्लेंडरच्या ईव्ही नावाच्या रेंडर करणाऱ्या भागात पूर्वी दिव्याभोवती तेज आणणारी ब्लूम नावाची एक टिक होती, ती पण २०२४ ला ४.२ व्हर्जनमध्ये काढून टाकली, आता ते काम कंपोझिटरमध्ये, म्हणजे तयार रेंडरवर काम करायच्या भागात, ग्लेअर नावाचा इफेक्ट लावून करायचं नाहीतर बाहेर फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांवर. मला लेयरच बरे वाटतात, हातात राहतात.

म्हणजे करायचं काय, तर यानाचं रेंडर सगळ्यात खाली ठेवायचं आणि फक्त उजेड देणारे भाग, म्हणजे इंजिनाचं तोंड, खिडक्या, लाल दिवे, एमिशन पास नावाच्या वेगळ्या रेंडरमधून काढायचे, बाकी सगळं काळं. तो लेयर वर ठेवून त्याचा मोड, म्हणजे वरचा थर खालच्यात मिसळायची पद्धत, स्क्रीन करायचा, की काळं गायब, उजेड तेवढा राहतो. मग त्याची कॉपी, तिला थोडा गॉशियन ब्लर, म्हणजे धूसरपणा, परत कॉपी, तिला भरपूर ब्लर आणि ओपॅसिटी कमी, म्हणजे थर फिका, ट्रकच्या दिव्याभोवतीचे थर तेच हे. रंग भरायचा तो बाहेरच्या थरात, गाभा जवळजवळ पांढराच ठेवायचा, नवशिकी पोरं नेमकं उलटं करतात, गाभाच गडद निळा करून बसतात आणि मग तो रंगवलेला दिसतो, पेटलेला दिसत नाही. आणि एक लेयर उजेड अंगावर पडल्याचा हवाच, इंजिनाजवळच्या पत्र्यावर मऊ ब्रशने त्याच रंगाचा हलका हात मारायचा, तो नसेल तर बाकी सगळं फुकट.

स्क्रीन मोडच का, दोन थरांच्या आकड्यांची नुसती बेरीज का नाही, तर आकडे बघा. साध्या ८ बिट फाइलमध्ये प्रत्येक रंग ० ते २५५. २०० वर २०० ची बेरीज केली की ४०० होतात, ते २५५ ला कापले जातात, स्क्रीनमध्ये तेच २४३ येतात, म्हणजे थोडी जागा शिल्लक राहते. रंगाचं तर अजून अवघड, लाल ६०, हिरवा १४०, निळा २५५ असा छान निळा घेतला आणि तोच त्याच्यावर बेरजेने टाकला की लाल १२० होतो पण हिरवा आणि निळा दोन्ही २५५ ला जाऊन आदळतात, निळ्याचा झाला फिरोजी, आणि पोरगं म्हणतं रंग कोणी बदलला. ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे जिथे आकडे २५५ ला कापले जात नाहीत तिथे, काम केलं तर बेरीजच बरोबर, कारण उजेड खरोखरच बेरजेने वाढतो, आणि त्याला विकतचं सॉफ्टवेअर पण लागत नाही, फुकटातल्या गिंप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१८ च्या २.१० व्हर्जनपासून ते होतं.

आता माझी आवडती गोष्ट सांगतो. इंजिनापुढे यानाचा पंख आडवा येत असेल तर ज्वाळा पंखामागे लपली पाहिजे, पण ग्लो पंखाच्या कडेवरून पुढे सांडला पाहिजे. कारण ज्वाळा तिथे यानाच्या मागे आहे आणि ग्लो लेन्समध्ये आहे, लेन्सला काय माहीत पंख पुढे की मागे. म्हणून मास्क, म्हणजे लेयरचा नको तो भाग झाकणारा पडदा, ज्वाळेच्या लेयरला लावायचा, ग्लोच्या लेयरला नाही. तुमच्या पुरवणीत खालच्या कोपऱ्यात जे लहानसं चित्र होतं, करड्या यानाचं, त्यात हे अगदी बरोबर केलेलं होतं, पंखाची कड उजेडाने खाल्लेली दिसत होती. ज्या पोराने की पोरीने ते केलं त्याने बघितलंय, विचार केलाय, ते बटणाचं काम नाही काका.

एक तक्रार मात्र पोरांबद्दल आहेच, सगळ्यांची इंजिनं निळीच का? झेनॉन वायूवर चालणाऱ्या आयन इंजिनाचा, म्हणजे विजेवर वायूचे कण मागे फेकणाऱ्या इंजिनाचा, उजेड निळसर असतो हे खरं, इस्रोने २०१७ ला जीसॅट-९ उपग्रहावर झेनॉनवालं इलेक्ट्रिक प्रोपल्शन, म्हणजे विजेवरचं इंजिन, लावलं होतं. पण १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ उडालं तेव्हाचे फोटो काढून बघा, त्याला नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या बाजूचे दोन घन इंधनाचे बूस्टर कसे पिवळे-पांढरे भगभगतात, घन इंधनात ॲल्युमिनियमची पूड असते म्हणून. आणि हायड्रोजनची ज्योत इतकी फिकी की धड दिसत पण नाही. आधी इंधन ठरवा मग रंग उचला.

आणि हे लेयरबियर काही कॉम्प्युटरने आणलेलं नाही. आपले दादासाहेब फाळके, १८७० ला त्र्यंबकला जन्मलेले, पहिला सिनेमा १९१३ ला दाखवून झाल्यावर कंपनी घेऊन नाशकातच आले आणि चमत्कार दाखवायला ट्रिक फोटोग्राफी वापरायचे. डबल एक्स्पोजरचं तत्त्व असं की काळ्या पडद्यापुढे एक गोष्ट घ्यायची, फिल्म मागे फिरवायची, त्याच फिल्मवर दुसरी घ्यायची. काळ्यावरून फिल्मवर उजेडच पडत नाही म्हणून ती जागा कोरी राहते. स्क्रीन मोड म्हणजे हेच आहे, पांडवलेण्याखाली फाळके स्मारकात सहलीला जाणाऱ्या पोरांना हे कोणीतरी सांगायला पाहिजे.

राहता राहिला आपला पेपर. राग मानू नका पण चित्रं छापताना मेली. स्क्रीनवरचा तो झगझगीत निळा छपाईच्या चार शायांमध्ये (सायन म्हणजे आकाशी निळा, मजेंटा म्हणजे गुलाबी, पिवळी, काळी) निघतच नाही, न्यूजप्रिंट मुळात राखाडी, शाई पिते, ठिपका पसरतो, आणि ग्लोचं ते विरत गेलेलं शेपूट काळ्यात बुडून जातं. एकाच जागी चार शायांची टक्केवारी मिळून साधारण २४०% च्या वर गेली की कागद ओला होऊन मागच्या पानावर उमटतं, आणि तुमच्या पानावर ते उमटलं होतं, शब्दकोड्याचे अर्धे चौकोन काळे. कागदापेक्षा उजळ काही छापता येत नाही हे धरूनच फाइल करायला पाहिजे, म्हणजे गाभ्याला शाईच नको, कोरा कागद सोडा, कर्व्ह, म्हणजे उजळपणा कमीजास्त करायचं साधन, लावून ग्लोचा बाहेरचा भाग थोडा उजळ करा, आणि आकाश चारही शाया ओतून काळं करण्यापेक्षा नुसत्या काळ्यात थोडा सायन घालून करा.

पुढच्या वेळी पोरांकडून सगळे थर एकत्र झालेली जेपेग न मागवता लेयरवाली फाइल मागवा, म्हणजे ग्लो छपाईसाठी वेगळा हलवता येईल. तुमच्या डेस्कवर वेळ नसेल तर माझ्याकडे पाठवा, फुकट करून देतो, फक्त गणपतीच्या आठवड्यात नको, तेव्हा भाऊंचे फ्लेक्स असतात.

आपला,
एक डीटीपीवाला, सिडको, नाशिक