डोळे मिटले म्हणजे तल्लीन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या ठाणे पुरवणीत घोडबंदर रस्त्यालगतच्या वृद्धाश्रमातील ‘संगीतोपचारा’चे छायाचित्र पाहिले. खाली ओळ : ‘सुरांत तल्लीन झालेले आजी-आजोबा’. दुसऱ्या रांगेतल्या आजींनी दोन्ही तळवे कानांवर दाबून धरले आहेत, तेही तल्लीनतेचेच लक्षण असावे! दोन्ही बाजूंना छातीएवढे स्पीकर आणि पहिली रांग त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

म्हातारपणी कान सरसकट जात नाही. आधी उंच स्वरांचे आवाज जातात. स, श यांसारखी व्यंजने निसटतात. ठेका ऐकू येतो, शब्द लागत नाहीत. त्यात हळू आवाज पोहोचत नाही आणि जरा मोठा झाला की एकदम असह्य होतो. मधली जागाच अरुंद झालेली असते. ‘मागे ऐकू येत नाही’ म्हणून आवाज वाढवला, तर शब्द स्पष्ट होत नाहीत, डोके मात्र उठते. श्रवणयंत्रे बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेली असतात. पेटीचा लांबवलेला सूर त्यांतल्या पुष्कळांना गोंगाट किंवा शिट्टी वाटतो आणि ती तो दाबून टाकतात. यंत्रात संगीताचा वेगळा प्रोग्रॅम असेल, तर ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) तो आधी सुरू करून घ्यावा. आणि बंद खोलीत टाळ नकोत हो, टाळ्या पुरतात.

आठ-दहा जण अर्धवर्तुळात बसवावेत. माइक नको, टीव्ही बंद, पंखा कमी. गाणाऱ्याने त्यांच्यासमोर खुर्चीवर बसावे. उजेड त्याच्या तोंडावर हवा, कारण निम्मे ऐकणे ओठांवरून चालते. वीस-पंचवीस मिनिटे झाली की थांबावे. गायिका स्वतःच्या सोयीने काळी चार, म्हणजे उंच पट्टी, लावते आणि मग ‘कोणी साथ देत नाही’ म्हणते. सत्तरीपुढच्या बायकांचा आवाज खाली उतरलेला असतो. दोन-तीन पट्ट्या खाली या, लय किंचित सैल करा, गप्प बसलेल्याही गुणगुणू लागतील.

गाण्यांची निवड तर विचारूच नका. माणसाच्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांतली गाणी सर्वांत पक्की राहतात. आज ऐंशीचे असलेल्यांची ती गाणी १९५५ ते १९७५ मधली. त्यांना सरसकट जुनी नाट्यपदे ऐकवणे म्हणजे त्यांच्या वडिलांची आवड त्यांच्या गळ्यात मारणे. नातेवाइकांना विचारावे. कोणते गाणे नको, हेसुद्धा.

वेळ सायंकाळी सहा ते नऊ! स्मृतिभ्रंश झालेल्या अनेकांची अस्वस्थता नेमकी दिवस कलताना वाढते. सकाळी न्याहारीनंतर ठेवायला काय हरकत होती? अर्थात, सकाळी प्रमुख पाहुणे मिळत नाहीत. तीन तासांतला पाऊण तास सत्कारात गेल्याचे आपल्याच बातमीत आहे.

पार्किन्सनवर संगीत ‘गुणकारी’ असल्याचेही बातमीने उरकून टाकले आहे. आजार हटत नाही. रुग्णाचे चालणे सुधारायला मदत होते. त्यासाठी रुग्णाची मिनिटाला किती पावले पडतात ते मोजून तेवढ्याच गतीचा ठेका देतात आणि जमू लागले की तो पाच-दहा टक्क्यांनी वाढवतात. सोबत फिजिओथेरपिस्ट हवा, निवेदक नव्हे.

जाता जाता : छायाचित्रात कीबोर्ड आहे, ओळीत ‘संवादिनी’ छापली आहे. प्रायोजकांची नावे मात्र एकूण एक बिनचूक.

आपला नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे