शून्याचा खड्डा: आमच्या कृषिकन्येस पत्र

प्रिय पोरी,

तू कृषी कॉलेजकडून कृषिकन्या म्हणून आमच्या गावात राहून गेलीस त्याला दोन पावसाळे झाले. निरोपाच्या दिवशी सगळे तुझं कौतुक करत होते आणि मी मागे तोंड फुगवून बसलो होतो. तेव्हा राहिलेले आभार आज मानतो, आणि तेही चारचौघांत.

राग कशाचा होता ते तुला ठाऊक आहे. आपल्या रानात एकरी दहा लाख गांडुळं आहेत, असं मी पारावर सांगत फिरायचो. वीतभर लांब, वीतभर रुंद खड्डा घेतला, १४ निघाली, केला गुणाकार! तू सगळं ऐकून घेतलंस आणि एवढंच विचारलंस, "काका, खड्डा कुठं घेतला होता?" उकिरड्याखालच्या कोपऱ्यात, बांधाला लागून. ओल तिथं, शेण तिथं, मग गांडुळं आणखी कुठं जाणार!

मग तू वेल्डिंगवाल्याकडून २५ सेंटिमीटरची चौरस चौकट करून आणलीस. किती पावलं लांबीनं आणि किती रुंदीनं जायचं, त्याच्या चिठ्ठ्या नातवाकडून उचलून घेतल्यास. चौकट पडेल तिथं खणायचं, मग तिथं तण असो की दगड. माती परीक्षणाला आपण चार ठिकाणची माती एकत्र कालवतो. इथं पाचही खड्ड्यांची माती तू वेगळी ठेवलीस, कारण कुठं किती हेच तर बघायचं होतं.

खणताना घाई करायला लावलीस, धक्के बसले की मोठी गांडुळं खाली पळतात म्हणून. ३० सेंटिमीटरपर्यंतची माती जुन्या फ्लेक्सच्या पांढऱ्या बाजूवर ओतायची आणि ढेकूळ न् ढेकूळ हातानं फोडायचं. काळी माती ती, एकेका खड्ड्याला पाऊण तास गेला. फावड्यानं तुटलेली मी दोन-दोन मोजत होतो. "डोकं असेल तोच तुकडा धरा," म्हणालीस. गळ्याशी पट्टा आलेली, म्हणजे वयात आलेली, तेवढी वेगळ्या डब्यात.

मोहरीची गंमत तर घरात अजून निघते. खोल गेलेल्यांना वर काढायला पूर्वी फॉर्मॅलिन ओतायचे, ते विषारी, म्हणून तू मोहरीची पूड आणायला सांगितलीस. तुझ्या काकूनं ती चांगली उकळत्या पाण्यात कालवली. खड्ड्याच्या तळात ओतली, अर्धा तास बसलो, एक बाहेर येईल तर शपथ! मग तू सांगितलंस की उकळत्या पाण्यात ठसका तयारच होत नाही, पूड गार पाण्यात भिजवून मुरू द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी तशी भिजवलेली ओतली आणि पाच-सात मिनिटांत करंगळीएवढं जाड एक वळवळत वर आलं. तू ते आधी स्वच्छ पाण्यात धुतलंस, त्याची कातडी चुरचुरू नये म्हणून. मला ते फार आवडलं होतं, तेव्हा बोललो नाही.

आकडे आले ३, ११, ५, ०, १. चौथ्या खड्ड्यात काही म्हणजे काही नव्हतं. "हा सोड, शेजारी दुसरा घेऊ," मी म्हणालो. तू वहीत शून्य लिहिलंस आणि पेनाला टोपण लावलंस. सरासरी ४, चौरस मीटरमध्ये अशा चौकटी बसतात १६, म्हणून गुणिले १६, म्हणजे चौरस मीटरला ६४. एकरी अडीच लाखाच्या थोडं वर. पारावर माझी काय अवस्था झाली ते सांगत बसत नाही.

पण त्या शून्यानं मला झोपू दिलं नाही. ती जागा ट्रॅक्टर वळायची. माती कशी निघाली होती आठवतं? थराथरानं, चपट्या खापऱ्यांसारखी, एक मूळ आत शिरलेलं नाही. मी इतकी वर्षं तिथं खताचा हात सढळ ठेवत होतो आणि वरून चाकं फिरवत होतो! आता ट्रॅक्टर बाहेरच्या वाटेवर वळतो आणि त्या पट्ट्यात ताग पेरतो.

चौकट गोठ्यात खुंटीला आहे. दरवर्षी जुलैत वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, की सकाळच्या वेळी मोजतो. उन्हाळ्यात मोजून उपयोग नाही, तेव्हा ती खोल गाठ मारून निजलेली असतात, हे तुझंच. चिठ्ठ्या नव्या, खड्डे नवे. यंदा पाच झाल्यावर सहावा मुद्दाम त्या जुन्या शून्यापाशी घेतला.

दोन निघाली. सरासरीत धरलेली नाहीत, तू रागावशील.

तुझे,
गांडूळवाले काका