शिरोलीच्या मिस्त्रीकाकांचे जाहीर आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

गाडी आता थरथरत नाही, एवढं कळवायला फोन पुरला असता. पण मनात जे साठलंय ते फोनवर बोलून होणारं नाही.

एवढी महागडी ऑटोमॅटिक एसयूव्ही, आणि ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून साठ-सत्तरने चालले की रंबलरवरून गेल्यासारखी थरथर. सर्व्हिस सेंटरने आधी रस्त्यांना दोष दिला. मग चाकांचं बॅलन्सिंग केलं, इंजिन माउंट बदलले. थरथर तशीच. "मॅडम, या गाडीचं असंच असतं," म्हणाले आणि पुढच्या खेपेला थेट, "गिअरबॉक्सच बदलावा लागेल." वर एकाने "साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो" असंही सुनावलं. गाडी माझी, हप्ते माझे, रोज चालवते मी. ते वाक्य अजून टोचतं.

तुम्ही बॉनेटला हात लावायच्या आधी माझं सगळं ऐकून घेतलंत. मी पुढे केलेली किल्ली परत माझ्याच हातात दिलीत. "ताई, तुम्हीच चालवा. ज्याला जाणवतंय त्यानं चालवायचं." किणी टोलनाक्याच्या दिशेने निघालो. शेजारी बसून तुम्ही गाणी बंद केलीत, एसी बंद केलात, डॅशबोर्डवर तळहात टेकवलात आणि डोळे मिटलेत. थोड्या वेळाने म्हणालात, "आलं बघा. बरोबर हाय तुमचं." काका, दुरुस्ती नंतर झाली, माझा जीव तिथेच भांड्यात पडला. तोवर मला हे सगळे भास तर होत नाहीत ना, अशी शंका यायला लागली होती.

मग स्कॅनर लावलात. इंजिनात मिसफायर, म्हणजे इंधन नीट न पेटणं, नाही याची खात्री केलीत आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधला, दोघांना घट्ट जोडणारा लॉकअप क्लच कसा धरतोय-सुटतोय ते आकड्यांत दाखवलंत. ऑइल जुनं झालं की असं होऊ शकतं, म्हणालात. गिअरबॉक्सचं ऑइल 'लाइफटाइम' असतं, असं मला गाडी घेताना सांगितलं होतं. प्रत्यक्षात गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतःच ते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी बदलायला सांगते! नवं ऑइल आणि फिल्टरसकट नवा पॅन (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं भांडं), एवढ्यात भागलं. तेवढ्याने नाही थांबलं तर कन्व्हर्टर काढावा लागेल, हेही तुम्ही काम हातात घेण्याआधीच सांगितलं होतंत.

समोरच्याला घाबरवून पैसे काढणं तुम्हालाही जमलं असतं. गिअरबॉक्स म्हटलं की माणूस आधीच हबकलेला असतो. तुम्ही ते केलं नाहीत. अशी सरळ माणसं आपापल्या कामात आहेत म्हणून आपल्यासारख्यांचं चालतं, असं मला मनापासून वाटतं.

गॅरेजात आभार मानले तेव्हा तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदललात. म्हणून आज सगळ्यांसमोर पुन्हा मानते.

लोभ असावा, ही विनंती.

तुमची,
एक कृतज्ञ ग्राहक